नबीभाईंनी न पाहिलेली जागा

गुलाम नबी कुणाच्या घरी टीव्ही दुरुस्त करायला गेले, की टीव्हीकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी चहा नको म्हणायचे, मग बरं म्हणायचे, आणि चहा उकळेपर्यंत घरातलं जे माणूस जिथं बसून टीव्ही पाहत असेल तिथं जाऊन बसायचे. म्हाताऱ्याच्या खाटेवर, पोरांच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून ठेवलेल्या लोडाशी. तिथून मान तिरपी करून पडद्याकडे बघत राहायचे. घरच्यांना वाटायचं, उन्हातून आलाय बिचारा, दमला असेल.

"टीव्ही काही बोलत नाही," ते म्हणायचे. "पाहणारा बोलते. अन् तो काय म्हणून राह्यला, ते त्याच्या जागेवर बसल्याबिगर समजत नाही."

आणि खरंच, निम्म्या तक्रारी त्या बसण्यातच सुटायच्या. चित्र फिकं नसायचं, समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर पडलेला असायचा. आवाज गेलेला नसायचा, कूलर टीव्हीच्या कानाशी आणून ठेवलेला असायचा. मग नबीभाई खिडकीला पडदा लावायला सांगत, कूलर सरकवत, आणि पेचकस खिशातच ठेवून चहा पिऊन निघत. घरी आयशाबी विचारायच्या, "आज क्या कमाके लाए?" हे म्हणायचे, "चाय." त्यावर आयशाबी जे म्हणायच्या ते रोज तेच असायचं, म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं एका शटरचं दुकान होतं. आत शिरायला दोन पायऱ्या उतराव्या लागत. तीस वर्षं पिक्चर ट्यूबचे संच त्या पायऱ्या उतरून आले आणि चढून गेले. कापसाचे वाईट दिवस सुरू झाले तसं दुकान उलट भरूनच चाललं, कारण नवा टीव्ही घेण्याचं नाव खेड्यात कुणी काढत नव्हतं. आहे तोच चौथ्यांदा, पाचव्यांदा दुरुस्त करायचा. बाया एसटीत मांडीवर टीव्ही घेऊन यायच्या, वर लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. दिल्लीच्या वाहिन्यांच्या गाड्याही तेव्हा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या बातम्यांसाठी वऱ्हाडात फिरत असत, आणि एखादी तुटकी वायर जोडून घ्यायला नबीभाईंच्या दारात थांबत. कॅमेरावाले विचारत, "चाचा, यहाँ से गाँव कितना दूर है?" नबीभाई विचारत, "कौनसा गाँव?" आणि ते म्हणत, "कोई भी."

पण शहरात हळूहळू चपटे संच आले. ते बिघडले की कंपनीचा माणूस यायचा, शर्टावर नाव लिहिलेला, आणि सगळं पाठीमागचं झाकणच बदलून जायचा. नबीभाईंना त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पूर्वी अख्ख्या मोहल्ल्यात कुणीही टीव्ही घ्यायचा म्हटलं, की आधी त्या दोन पायऱ्या उतरून यायचा. "नबीभाई, कोणता घिऊ?" बस्स, एवढंच विचारायचा, आणि ते सांगतील तो घ्यायचा. आता लोक दुकानासमोरून सरळ मोठ्या शोरूमकडे जात आणि परत जाताना रिक्षात खोकं असे. कुणी नजर चुकवी, कुणी लांबून हात करी. नबीभाईही हात करत. मग आत येऊन उगाच एखाद्या ट्यूबवरची धूळ पुसत बसत.

म्हणून दिवाळीच्या आधी एक दिवस श्रावणभाऊ इंगळे पायऱ्या उतरून आले आणि म्हणाले, "नबीभाई, एक विचाराचं होतं," तेव्हा नबीभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि स्टूल स्वतः पुसून दिलं.

श्रावणभाऊ एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मोठा मुलगा स्वप्निल अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत लागला होता. आईबापांना मोठा टीव्ही घेऊन देतो म्हणाला, आणि तिथूनच घरात वाद लागला.

"पोट्टं म्हणते प्लाझ्मा घिऊ. मी म्हणतो एलसीडी. तीन दिस झाले, बोलून नाही राह्यला माह्याशी."

"तुमाले एलसीडीच काहून पायजे?"

"आता सारेच ते घेऊन राह्यले ना बाप्पा!"

"अन् त्याले प्लाझ्मा काहून?"

"त्याले गेम खेळाचा असते. गुरवारी सुट्टीवर येते अन् दिवसभर त्या डब्ब्यावर मोटारी पळवते. पंचवीस वर्षं मी खरी मोटार पळवली, मले तर त्यात काही दिसत नाही." श्रावणभाऊंनी आवाज खाली आणला. "तुमी सांगान तो घेऊ. पोट्टंही म्हणते, नबीचाचा म्हणतीन तर मान्य."

आयुष्यात नबीभाईंनी चपट्या टीव्हीचं झाकण दोनदाच उघडलं होतं. हे बरोबर सांगितलं, तर लोक पुन्हा विचारायला येतील. चुकलं, तर मोहल्ला म्हणेल की बुढा ट्यूबसोबतच संपला. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "चार दिवस द्या मले."

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले. आयशाबींनी इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. विकणारा मुलगा पुढे आला. "काका, काय दाखवू?"

"अंधार दाखव."

"काय?"

"हे वरचे लाइट बंद कर ना बेटा. ह्या उजेडात सारेच टीव्ही नवरीसारखे दिसते."

मुलाने मालकाकडे बघितलं, मालकाने नबीभाईंकडे बघितलं, आणि का कुणास ठाऊक, कोपऱ्यातले चार दिवे बंद झाले. तेव्हा नबीभाईंना प्लाझ्मा पहिल्यांदा खरा दिसला. काळा रंग काजळासारखा काळा. धावणाऱ्या खेळाडूमागे शेपूट नाही. बाजूच्या एलसीडीत तोच खेळाडू पळताना कडेनं थोडा विस्कटत होता, आणि काळ्याच्या जागी पाटीवरचा खडू पुसल्यासारखं राखाडी होतं. नबीभाईंनी पुस्तिका मागून घेतली, चष्मा चढवला. प्लाझ्माच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा उजेड असतो, थेट ट्यूबसारखा. एलसीडीला मागून दिवा लावावा लागतो. हे वाचून त्यांना गावाकडचं कुणी भेटल्यासारखं झालं. ते त्या पडद्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मुलाने खुर्ची आणून दिली.

आणि इथंच त्यांना स्वतःचा संशय आला. घरी येऊन आयशाबींना म्हणाले, "दिल उसपे आ गया है. इसलिए डर लगता."

"शादी थोडीच करनी है," आयशाबी लसूण सोलत म्हणाल्या.

"मैं पुराना आदमी, वो मुझे पुराने जैसा दिखा, तो अच्छा लगा. श्रावणभाऊ का घर अलग बात है."

"तो जाके बैठो ना उनके घर. हमेशा तो बैठते."

त्या गुरुवारी ते इंगळ्यांकडे जाऊन बसले. घर साधं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या लांबट खोलीत दार आणि खिडकी पूर्वेला, रस्त्यावर. समोरच्या मोठ्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फुलांची छोटी फळी. त्या भिंतीवर टीव्ही लावण्याचा प्रश्नच नव्हता, ते कुणी बोललंही नाही. टीव्ही लागणार तो स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर. तिथंच जुना संच होता.

आधी नबीभाई श्रावणभाऊंच्या खुर्चीत बसले, पंख्याखाली, पडद्याच्या बरोबर समोर. मग स्वप्निलच्या सतरंजीवर बसले. स्वप्निलनं त्यांच्या हातात खेळाचं यंत्र दिलं आणि म्हणाला, "चाचा, हे दाबलं का गाडी पळते." नबीभाईंनी दाबलं. गाडी पळाली, पुलाच्या कठड्याला धडकली, उलटी झाली आणि नदीत गेली.

"आता पाह्यलं ना, चाचा? असं जोरात वळलं का एलसीडीत सारं पुसट होते. प्लाझ्मात नाही होत."

"होत नाही, खरं हाय," नबीभाई म्हणाले. "पण हा वरतं कोपऱ्यात आकडा हाय ना, तो किती वेळ असाच राह्यते?"

"दिवसभर."

"तो प्लाझ्मावर छापल्या जाते. अमरावतीच्या एका हॉटेलात पाह्यलं मी. टीव्ही बंद केला तरी बातम्यांची पट्टी तशीच."

मग त्यांनी खिडकीतून येणारं ऊन बघितलं. पलंगाखालचा इन्व्हर्टर बघितला. लाइन रोज सकाळ-संध्याकाळ जायची. तो इन्व्हर्टर एक पंखा, दोन दिवे आणि एलसीडी ओढेल, प्लाझ्मा लावला तर पंखा बंद करावा लागेल. प्लाझ्मा तापतोही, आणि अकोल्याच्या मे महिन्यात आणखी एक चूल घरात कुणाला हवी! शिवाय प्लाझ्मा बेचाळीस इंचाच्या आत मिळत नव्हता, खोली एवढीशी.

मनकर्णाबाई, म्हणजे श्रावणभाऊंच्या घरच्या, चहा घेऊन आल्या. नबीभाईंनी विचारलं, "भाभी, तुमी कुठून पाह्यता?"

"माहं काय जी! मी काम करता करताच. तथी बसून." त्यांनी मानेनं स्वयंपाकघराच्या उंबरठ्याकडे दाखवलं. तिथं सुपात तुरीची डाळ पडली होती, बाजूला पाट. "मले कोनताही चालते."

नबीभाई उठले. दोन पावलं गेले. पाटापाशी पोचलेच होते, आणि आत चुलीवरचं दूध, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं नजरेला पडलं. दुसऱ्याच्या घरच्या बाईची बसायची जागा, तिचं स्वयंपाकघर. तीस वर्षांत असल्या जागी ते कधी बसले नव्हते, कुणी बसतही नाही. ते परत फिरले आणि चहा घेतला.

"एलसीडी घ्या," ते म्हणाले. सगळी कारणं त्यांनी नीट सांगितली. श्रावणभाऊंनी मांडीवर थाप मारली. स्वप्निल म्हणाला, "चाचा, तुमीबी त्यायच्याच पार्टीत?" पण शब्द दिला होता, तो त्यानं पाळला.

बत्तीस इंची संच आला. श्रावणभाऊंनी तो भिंतीवर बसवून घेतला आणि अर्धा मोहल्ला बघून गेला. श्रावणभाऊ प्रत्येकाला सांगत, "नबीभाईनं माह्या खुर्चीत बसून पास केला हा!" दोनेक महिन्यांत चार माणसं त्या दोन पायऱ्या उतरून आली. हिवरखेडच्या खुशालरावांनीही निरोप धाडला की लेकीच्या लग्नाआधी नवा टीव्ही घ्यायचाय, संक्रांत झाली की शुक्रवारी येतो, तुमी सांगान तो. नबीभाई घरी जाताना थोडे ताठ चालायला लागले. आयशाबींच्या ते लक्षात आलं. त्या इस्त्रीचे शर्ट दोन ठेवायला लागल्या.

संक्रांतीनंतर एका सकाळी मनकर्णाबाई दुकानात आल्या. पिशवीत जुना रेडिओ होता, चामडी कव्हरातला.

"नबीभाई, एवढा चालू करून द्या ना."

"रेडिओ? नवाकोरा टीव्ही असताना?"

"आता ऐकाचेच दिवस आले जी माह्ये." त्या स्टुलावर टेकल्या. "डोळे गेले म्हनाना. मोतीबिंदू हाय. पुढच्या मंगळवारी शिबिर हाय, तथी नंबर लावला यायनं."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"डॉक्टर काय सांगन, आमाले दिसते ना. टीव्हीतले सारे मानसं मले राख फासल्यावानी दिसते. चेहराच नाही समजत. बाई हाय का बुवा, आवाजावरून वळखाव लागते. यायले विचारलं, तर हे म्हनते मले तर झक्कास दिसते, तुह्ये डोळे पाह्य. स्वप्निलही म्हने, आई, तुले मोतीबिंदू झाला."

नबीभाईंनी रेडिओ बाजूला ठेवला. "भाभी, सुईत दोरा जाते?"

"जाते ना. काल वाकळ शिवत होती. एका झटक्यात गेला."

"डाळीतला खडा दिसते?"

"हो. काहून?"

"मंग फक्त टीव्हीतच राख दिसते."

"फक्त टीव्हीत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सुरुवात असन."

नबीभाईंनी रेडिओ ठेवून घेतला, चालू करून ठेवतो म्हणाले, आणि त्या गेल्या. पुस्तिकेत लिहिलेलं त्यांना आता आठवलं. वाचलं होतं, वाचून पुढं गेले होते. एलसीडी समोरून बघावा. बाजूनं बघितलं की रंग उतरतात, काळं राखाडी होतं. आणि तो पाट तर भिंतीला चिकटून, पडद्याच्या अगदी कडेला.

जेवायला घरी गेले तेव्हा आयशाबींना सगळं सांगितलं. आयशाबी म्हणाल्या, "जाके बोल दो, सेटिंग बिगड गई थी. टीवी इधर का उधर करके आ जाओ. किसको समझता?"

"परसों खुशालराव आनेवाले."

"इसीलिए तो बोल रही."

नबीभाई भात कालवत बसले. सेटिंग बिघडली होती. तीन शब्द. मनकर्णाबाईंचा मोतीबिंदूही गेला असता, नबीभाईंचं नावही राहिलं असतं, कुणाचंच काही गेलं नसतं. पण त्यांना तो पाट दिसत होता, आणि दोन पावलांवरून मागं फिरलेले आपले पाय. आयुष्यभर लोकांना सांगितलं, जागेवर बसल्याशिवाय समजत नाही. आणि जी बाई दिवसातला सगळ्यात जास्त वेळ त्या पडद्यासमोर असते, तिचीच जागा सोडली होती.

"नै बोलता," ते म्हणाले.

"मुझे मालूम था नै बोलनेवाले," आयशाबी म्हणाल्या आणि वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. स्वप्निल घरी होता, श्रावणभाऊ खुर्चीत होते, शेजारचे नत्थुजी पेपर वाचायला आलेले होते. नबीभाई दारातूनच म्हणाले, "भाभी, तुमची परवानगी असन तर त्या पाटावर बसू?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरला, सूप उचललं. "बसा ना. थांबा, पुसून देते."

नबीभाई उंबरठ्यावर पाटावर बसले. समोर मालिका चालली होती. एक लग्नघर होतं बहुतेक, पण नवरीच्या साडीचा रंग धुऊन गेला होता, आणि नवरदेव काय, सासरा काय, सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. त्यांनी मान डोलावली. मग तिथूनच, उठायच्या आधी, बोलले.

"श्रावणभाऊ, इथं येऊन बसा एकवार."

श्रावणभाऊ कुरकुरत आले, बसले, बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. स्वप्निलही आला. नत्थुजीही पेपर घेऊन आले, कारण असं काही चुकवायचं नसतं.

"भाभीच्या डोळ्याले काही झालं नाही," नबीभाई म्हणाले. "हा टीव्ही बाजूनं असाच दिसते. माही चूक हाय. मी तुमच्या जागेवर बसलो, पोराच्या जागेवर बसलो. यायच्या जागेवर बसलोच नाही. स्वप्निल म्हणत होता तो प्लाझ्मा कुठूनही सारखा दिसते. पंखा बंद राह्यला असता, तरी या घराले तोच पायजे होता."

"मी म्हनत होतो!" स्वप्निल सतरंजीवर उडालाच. "बाबा, मी म्हनत होतो ना!"

"तू गेमसाठी म्हनत होता," श्रावणभाऊ खेकसले. "आईसाठी नाही." मग नबीभाईंकडे वळले. चेहरा लालबुंद झालेला. "अख्ख्या गल्लीले सांगत फिरलो मी. नबीभाईनं पास केला म्हणून! आता काय तोंड दाखवू?"



तेवढ्यात मागून आवाज आला. मनकर्णाबाई सुपावर वाकून हसत होत्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग तोही काढून.

"म्हंजे माह्ये डोळे शाबूत हाय?"

"शाबूत, भाभी."

"अन् मंगळवारी मले कापाले नेऊन राह्यले होते हे!" त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "दोन महिने झाले, 'तुह्ये डोळे पाह्य, तुह्ये डोळे पाह्य.' अवो, एक डाव इथं येऊन बसले असते तर! मी तर वाकळा कोणाले शिकवू याच्या काळजीत होती." आणि पुन्हा हसायला लागल्या. नत्थुजीही हसायला लागले. श्रावणभाऊंच्या तोंडून शेवटी एक शिवी निघाली, एसटीतली, आणि त्यानंतर तेही हसले, पण नबीभाईंकडे न बघता.

संच परत होणार नव्हता. नबीभाईंनी तो भिंतीवरून उतरवला, दुकानातून चाकांची लोखंडी गाडी आणली आणि टीव्ही पलीकडच्या कोपऱ्यात तिरपा मांडला, तोंड पाटाकडे. पुन्हा पाटावर जाऊन बसले. नवरी लाल झाली. मनकर्णाबाई मागं उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर लहानच पोरगी हाय. आवाजावरून मी सासू समजत होती."

आता प्रश्न श्रावणभाऊंचा होता. पंख्याखालच्या खुर्चीतून पडदा कडेनं दिसायला लागला.

"मले राख दिसून राह्यली," ते म्हणाले.

"मोतीबिंदू असन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मंगळवारचा नंबर लावलेलाच हाय."

श्रावणभाऊंनी खुर्ची उचलली. पंखा सोडून, रागारागानं, ती उंबरठ्याशी आणून आदळली आणि बसले. मनकर्णाबाईंनी लसणाची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग मालिकेत कुणीतरी रडायला लागलं, आणि श्रावणभाऊंचा हात नकळत वाटीत गेला.

नबीभाई दुकानात परतले, ते डोक्यावर कुणीतरी ओझं ठेवल्यासारखे. नत्थुजींच्या हातात पेपर होता, पण पेपरात एवढी ताजी बातमी कुठं! संध्याकाळपर्यंत जुन्या शहरात सगळ्यांना कळलं. पानठेल्यावर कुणी म्हणालं, बुढ्याचं आता जमत नाही. चारपैकी दोघं सरळ शोरूमला गेले. नबीभाईंना ते रिक्षातून जाताना दिसले. त्यांनी हात केला.

शुक्रवारी खुशालराव आले. हिवरखेडचा उंच, सावकाश बोलणारा माणूस. पायऱ्या उतरले, स्टुलावर बसले, दुकानभर नजर फिरवली.

"इंगळ्याच्या घरी तुमचं चुकलं म्हणते."

"चुकलं," नबीभाई म्हणाले.

"श्रावणच सांगत होता स्टँडवर. साऱ्यायले सांगून राह्यला. म्हणे, नबीभाई माह्या बायकोच्या पाटावर येऊन बसला अन् साऱ्यासमोर चूक म्हणाला."

"हो."

"शोरूमवाला कोणाच्या पाटावर नाही बसत," खुशालराव म्हणाले. "तं हिवरखेडले कवा येता?"

नबीभाईंनी पेचकस उचलला, ठेवला. "रविवारी. पण एक सांगून ठेवतो. मी पहिले तुमच्या घरच्यायच्या जागेवर बसीन."

"जमुनाच्या? ती कुठी पाह्यते टीव्ही!"

"तेच विचाराचं हाय."

रविवारी ते पहिल्या गाडीनं गेले. खुशालरावांच्या घरी बैठकीत गाद्या घातलेल्या होत्या. नबीभाई त्या ओलांडून आत गेले आणि जमुनाबाईंना विचारलं. जमुनाबाई आधी म्हणाल्या, छे, मी नाही पाहत. मग म्हणाल्या, एखादवेळी. मग नवरा बाहेर बोलतोय हे बघून त्यांनी मागच्या दाराकडे मान केली. अंगणापलीकडे गोठा होता. संध्याकाळी धार काढताना, बैठकीच्या मागच्या खिडकीतून, त्यांना टीव्हीचा एक तुकडा दिसायचा. नऊ वर्षं त्या तेवढाच टीव्ही बघत होत्या.

"दाखवा बरं," नबीभाई म्हणाले.

इस्त्रीच्या शर्टात, चपला काढून हातात घेऊन, ते गोठ्यात गेले आणि म्हशीच्या बाजूला उकिडवे बसले. म्हशीनं एकदा वळून बघितलं आणि बाजू दिली. खिडकी तिरपी दिसत होती, मधून आडवा गज. त्यांनी डोळे बारीक केले आणि हाक मारली, "खुशालराव, टीव्ही लावा!"

"लाइन नाही," बैठकीतून आवाज आला. "चार वाजता येते."

घड्याळात अकरा वाजले होते.

"बरं," नबीभाई म्हणाले, आणि जमुनाबाईंनी सरकवलेल्या चाऱ्याच्या पेंडीवर नीट टेकून बसले.